धनजच्या आमराईवरून जाणार होती ती लाइन

मी सरकारची वीज विकत फिरत होतो तेव्हा ती वीज कुठे तयारच होत नव्हती. डोंगरात धरण नव्हतं, धरणाखाली यंत्र नव्हतं. होता एक नकाशा, आणि त्याच्यावर लाल शाईची रेघ. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ठाऊक होतं. फक्त ‘होणार आहे’च्या जागी मी ‘झालंच समजा’ म्हणायचो, आणि तेवढ्यावर माझा पगार चालू होता.

दुसरी मोठी लढाई संपली त्यानंतरची ही गोष्ट. मी मॅट्रिक होऊन इंझोरीला वडिलांच्या शेतात होतो. सरकारनं विजेचं नवं खातं काढलं. डोंगरातल्या नदीवर धरण बांधायचं, पडत्या पाण्यावर वीज करायची, ती तारांवरून वऱ्हाडात आणायची आणि गावोगाव विकायची, असा तो बेत. कारंज्यात एका व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन खात्याचं ऑफिस उघडलं. मला तिथं ‘प्रचारक’ म्हणून घेतलं. मुलाखतीत साहेबांनी मला एकच काम सांगितलं. खात्याची छापील पुस्तिका माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “हे तुमच्या भाषेत बोलून दाखवा.” पुस्तिकेत ‘जलविद्युत’, ‘ग्रामीण उत्कर्ष’ असले शब्द होते आणि पहिल्या पानावर धबधब्याशेजारी नऊवारीतली एक बाई हसत उभी होती. मी बोलून दाखवलं, “पान्याच्या जोरानं चाक फिरन, चाकानं इज निंघन, इजंनं तुमच्या घरचा दिवा लागन.” साहेब खूश झाले. नोकरी मिळाली.

साहेब पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे, स्वच्छ कपड्यांतले. कधी आवाज चढवला नाही, कुणाला अरे-तुरे केलं नाही. माणूस वाईट असला तर तो ओरडतो, शिव्या देतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती समजूत मोडायला मला दीड वर्ष लागलं.

माझ्या जोडीला एक मिस्त्री दिले होते. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात त्यांनी तीस वर्षं इंजिन सांभाळलं होतं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. आमच्याकडे एक छकडा होता, त्यावर तेलावर चालणारं छोटं इंजिन, पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो आणि लाकडी पेटीत भुश्यात घालून ठेवलेले चार बल्ब. दिवेलागणीला आम्ही गावाच्या चावडीपुढे छकडा लावायचो. चाचा इंजिनाला हँडल मारायचे, इंजिन ठणाणा करायला लागायचं, आणि बल्ब पेटला की माणसं दोन पावलं मागं सरकायची. मग माझं भाषण. ही जी वीज तुम्ही पाहताय, अशीच वीज डोंगरातून येणार. बिनआवाजाची, बिनधुराची. आडावर पंप बसेल, गावात चक्की बसेल. नाव नोंदवा, मागणीच्या अर्जावर अंगठा करा. जितके अर्ज जास्त, तितकी लाइन लवकर.

पहिल्याच महिन्यात एका गावात एक म्हातारा उठून म्हणाला, “बाबू, आमच्या आडात चैतात प्याले पानी राहत नाही. अन् तुमी पान्यापासून इज काढून राह्यले. मंग ते पानीच इकडं काहून नाही आनत?”

लोक हसले. मीही हसलो. चाचा हसले नाहीत. परतताना छकड्यात बसल्यावर ते म्हणाले, “बेटा, इंजन मी चालवून राह्यलो, इज मी पैदा करून राह्यलो, अन् नाव तू धरनाचं सांगून राह्यला. हे बराबर नाही.”

“नमुना आहे चाचा,” मी म्हणालो. “दुकानदारही नमुना दाखवतोच ना.”

“दुकानदाराच्या मांगं दुकान राह्यते,” चाचा म्हणाले.

त्यांचं मला तेव्हा पटलं नाही, असंही नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं. खाकी रंगाची नवी सायकल होती, गावात शिरलं की ‘लाइटवाले बाबू आले’ अशी हाक उठायची, आणि मी चोवीस वर्षांचा होतो.

लाल रेघ कारंज्याला यायची होती ती धनजवरून. मोजणीचे दुर्बिणीवाले आले, चुन्याच्या खुणा मारल्या, खुंट्या ठोकल्या. खुंट्यांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस हात एकही झाड नको, असा नियम होता. खुंट्यांची ती रांग धनजच्या शिवारात एका आमराईच्या बरोबर मधून गेली.

आमराई एका विधवा बाईची. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळलेली, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर बारा-चौदा वर्षं तिनं शेत स्वतः पाहिलं होतं. घरात मुलगा आणि नवी सून. आमराईत अकरा झाडं, आणि प्रत्येक झाडाला नाव. शेप्या, कारण त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास. शेंद्र्या, कारण वरून लाल. एक गोटी, एक केळ्या, एक नुसता म्हातारा. सगळी नावं तिच्या सासऱ्यानं ठेवलेली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला प्रत्येक झाडाखाली नेऊन नाव सांगितलं. मला वाटलं ही बाई हौसेनं दाखवतेय. नंतर कळलं, ती मला ओळख करून देत होती, म्हणजे मी तोडा म्हणताना कुणाला तोडा म्हणतोय ते मला ठाऊक असावं.

सगळं दाखवून झाल्यावर ती म्हणाली, “नाही.”

“मावशी, सरकारचं काम आहे. मोबदला मिळेल.”

“मी मोबदला मांगतला काय? लाइन तिकून घेऊन जा, बरडावरून. तिकडं झाड नाही, काही नाही.”

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, बरडावरून नेली तर लाइन लांब पडते. “बाईंना काय हवंय ते विचारा. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं.”

मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. चौथ्या खेपेला ती आमराईत नव्हती, आडावर होती. फाल्गुन नुकताच लागला होता आणि धनजच्या आडाचं पाणी खाली जायला लागलं होतं. आठ-दहा बायका दोर ओढत होत्या. तिची सून त्यांत होती. बाईनं सुनेला हाक मारली आणि तिचे दोन्ही हात उलटे करून माझ्यापुढे धरले. तळव्यांवर दोराचे वळ, आणि जात्याच्या खुंट्यानं आलेले घट्टे.

“हे पाह्य,” ती म्हणाली. “एकोनीस वर्साची हाये. आता सांग, तुह्या इजंनं हे थांबन काय?”

“थांबेल.”

“आडावर पंप?”

“बसेल.”

“गावात चक्की?”

“बसेल मावशी.”

“साऱ्या गावाले? का एकट्या पाटलाच्या घरी?”

“साऱ्या गावाला.”

तिनं सुनेचे हात सोडले. मग म्हणाली, “लिहून आन. सरकारचा शिक्का पाह्यजे.”

साहेबांनी लगेच लिहून दिलं. खात्याचा कागद, खाली गोल शिक्का, सही. मजकूर मला अजून पाठ आहे: ‘सदर गावास वीजपुरवठा करण्याचा विचार योग्य वेळी सहानुभूतीने करण्यात येईल.’

हा कागद घेऊन मी धनजला गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा बाजाराला गेला होता. ती म्हणाली, “वाच.” आणि मी वाचलं, “या गावाले इज भेटन.”

मी हे का केलं, याची मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली. साहेबांच्या मनात तेच असणार, सरकारी भाषाच तशी असते, ‘सहानुभूतीने विचार’ म्हणजे होच. सगळी कारणं खोटी. तिनं हो म्हणावं, साहेबांनी माझी पाठ थोपटावी आणि खुंट्या पुढे सरकाव्यात, एवढंच मला हवं होतं. साहेबांनी कागदावर तिला फसवलं नव्हतं. कागद खरा होता. फसवणूक माझ्या तोंडून झाली, तिच्याच भाषेत, आणि त्यासाठीच मला नोकरीवर ठेवलं होतं.

तिनं कागद कपाळाला लावला, घडी केली आणि देवळीत दिव्यामागे ठेवला. सरकारी शिक्का पाहिल्यावर तो पुन्हा वाचून घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही. पंपाची आणि चक्कीची गोष्ट गावभर झाली. त्या आठवड्यात धनजमधून जेवढे अर्ज आले तेवढे कुठल्याच गावातून आले नव्हते. मागच्या पाऊसकाळानंतर पडलेली दोर ओढायची आडावरची लाकडी चाकं गावानं पुन्हा बसवायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. पंप येणार म्हटल्यावर चाकं कशाला?

मग त्या वर्षी झेंडा बदलला. कारंज्यात मिरवणूक निघाली, साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. साहेब तेच राहिले, कागद तेच राहिले, नुसते शिक्के नवे आले. छोट्या गाडीच्या स्टेशनावर लोखंडी खांब येऊन पडले होते. ते पाहून मलाही धीर आला. खांब आले म्हणजे धरणही येईल, असा माझा हिशेब.

माघात हुकूम झाला, लाइनची वाट मोकळी करा. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी, करवती घेऊन धनजला उतरली. आंबे ऐन मोहोरात होते. आमराईत शिरलं की त्या वासानं डोकं जड व्हायचं. बाई मला म्हणाली, “मी शब्द देल्ला, मी फिरत नाही. पन आखाडीलोक थांबा. यंदाचा आंबा उतरू द्या. मंग घेऊन जा सारे.”

आषाढापर्यंत थांबणं मला रास्त वाटलं. त्याच दिवशी सायकल मारत कारंज्याला गेलो आणि साहेबांना सांगितलं. साहेब जेवून उठले होते, हात पुसत होते. म्हणाले, “नाही हो. अजिबात वेळ नाही. वरून घाई आहे. पाच महिने थांबलो तर सगळं काम अडेल.”

वरून घाई आहे. हे शब्द लक्षात ठेवा, कारण मी ते विसरू शकलो नाही.

दोन दिवसांत अकराच्या अकरा झाडं पडली. शेप्या पहिला. मोहोराचा पिवळा सडा पडला होता, त्यातून माणसं चालत होती आणि त्यांच्या पायांना तो चिकटत होता. बाई बांधावर उभी होती. रडली नाही. झाड पडताना त्याचं नाव घ्यायची, बस. सून तिच्या मागे उभी. चाचा त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. तिसरं झाड पडलं तेव्हा ते छकड्याकडे गेले, बल्बची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हे सांभाळ. मी चाललो.”

“कुठं?”

“जिनात. तिथं इंजन हाये, काम हाये. इथं माह्या इजंनं लोकाईचे झाडं तुटून राह्यले.”

धनजहून कारंज्यापर्यंत ते पायी गेले. मी त्यांना थांबवलं नाही, आणि त्यांच्याबरोबर गेलोही नाही.

ओंडके तिथंच पडून राहिले. लाकूड ठेकेदाराचं होणार होतं, पण नेण्याचा परवाना आला नव्हता. पंधरवडा गेला, महिना गेला. खुंट्यांच्या पुढं काम सरकेना. खांब स्टेशनावर तसेच. मी साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, “प्रक्रिया चालू आहे.” मग एक दिवस ते म्हणाले, “ऑफिस गुंडाळायचंय. आपल्याला नागपूरला बोलावलंय. तुम्ही फायलींची यादी करा.”

फायलींची यादी करताना मला ते पत्र सापडलं. इंग्रजीत टाइप केलेलं, चार ओळींचं. योजना पुढील हुकूम होईपर्यंत तहकूब केली आहे. लाइनचं कोणतंही नवं काम हाती घेऊ नये. वर डाव्या कोपऱ्यात आपल्या ऑफिसात पत्र आल्याचा शिक्का आणि तारीख. त्या तारखेखाली साहेबांची सही.

मी तारीख पुन्हा पाहिली. आमराई तोडली त्याच्या नऊ दिवस आधी ते पत्र ऑफिसात आलं होतं.

साहेब शेजारच्या खोलीत बसले होते. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“साहेब, हे आधी आलं होतं.”

त्यांनी पाहिलं. “हो.”

“मग झाडं का तोडली?”

“ठेका दिलेला होता. माणसं ठरलेली होती. ‘नवं’ काम घेऊ नये असं लिहिलंय. हे जुनं काम होतं, आधी मंजूर झालेलं. अर्धवट सोडलं असतं तर मलाच उत्तर द्यावं लागलं असतं.”

“पण त्या बाईनं आखाडीपर्यंत थांबा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात वरून घाई आहे.”

“बसा,” साहेब म्हणाले, अगदी मायेनं. “तुम्ही तरुण आहात. झाडं पुन्हा लावता येतात हो. आणि योजना कधीतरी होईलच. तेव्हा वाट तयार असेल. त्या दृष्टीनं पाहिलं तर काही वाया गेलं नाही.”

त्यांनी मला शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं, तर मी कदाचित घरी गेलो असतो. पण ‘काही वाया गेलं नाही’ हे ऐकल्यावर मी ते पत्र उचललं, खिशात घातलं आणि जिना उतरलो. साहेबांनी मागून हाक मारली. मी सायकल काढली.

धनजला पोचलो तेव्हा दुपार होती. आमराईत ठेकेदाराच्या चार गाड्या उभ्या होत्या. परवाना आला होता आणि ओंडके चढवायला माणसं लागली होती. बाई तिथंच होती. मी म्हणालो, “मावशी, एक कागद वाचायचाय.”

मी चार ओळींचा अर्थ सांगितला. योजना तहकूब, म्हणजे इज आत्ता येणार नाही. लाइनचं नवं काम घेऊ नका असा हुकूम होता. या वेळी मी एकही शब्द आपल्या पदरचा घातला नाही.

ती म्हणाली, “हे चिठ्ठी झाडं तोडाच्या आंधीची हाये का मागूनची?”

“आधीची. नऊ दिवस आधीची.”

ती तशीच वळली. घरी गेली. देवळीतला तो शिक्क्याचा कागद घेऊन परत आली आणि माझ्या हातात दिला. तोपर्यंत गाडीवान थांबले होते, आडावरून बायका आल्या होत्या, चावडीवरची माणसं आली होती.

“आता हे वाच,” ती म्हणाली. “तुह्या मनानं नोको वाचू. जसं लिहेल हाये तसं वाच.”

मी वाचलं. सदर गावास वीजपुरवठा करण्याचा विचार योग्य वेळी सहानुभूतीने करण्यात येईल.

“म्हंजे काय?”

“म्हणजे... विचार करू.”

“इज देऊ असं कुठं लिहेल हाये?”

“नाही लिहिलं.”

“मंग तवा तू कायले म्हनला, इज भेटन?”

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणालो, “मी खोटं बोललो.” दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

मला वाटलं ती मला मारेल. मारायला हवं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तो कागद माझ्याकडून काढून घेतला. मग ती पहिल्या गाडीपुढे गेली आणि गाडीतून अर्धा खाली लोंबणाऱ्या ओंडक्यावर जाऊन बसली. “हा शेप्या हाये,” ती गाडीवानाला म्हणाली. “उतरव.”

गाडीवान म्हणाला, “मावशी, माह्याजवळ परवाना हाये.”

“कशाचा परवाना? लाइन हाये काय? लाइनच नाही तं लाइनीतलं झाड कुठून आलं? हे माह्यं झाड हाये. उतरव.”

सून पुढं आली आणि सासूच्या बाजूला बसली. मग आडावरच्या बायका. घागरी तशाच खाली ठेवून एकेक जण एकेका ओंडक्यावर जाऊन बसली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. पुरुष थोडा वेळ कडेला उभे राहिले, मग तेही बैलांच्या पुढं येऊन उभे राहिले.

उन्हं कलली तेव्हा साहेब आले, मोटारीतून, बरोबर ठेकेदार आणि एक हवालदार. साहेबांनी प्रथम मलाच पाहिलं. “ते पत्र द्या. ती सरकारी मालमत्ता आहे. ही चोरी आहे, कळतंय ना?”

मी पत्र हवालदाराच्या हातात दिलं. हवालदार कारंज्याचाच, वयस्क मुसलमान माणूस. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, “साहब, इसमें क्या लिखा है, आपच पढ के बताओ.”

साहेब म्हणाले, “त्याचा इथं संबंध नाही.”

“कायले संबंध नाही?” बाई ओंडक्यावरूनच ओरडली. “वाचा ना. तुमीच वाचा. त्यानं वाचलं तं म्हनान खोटं वाचलं.”

साहेब वाचेनात. हवालदार त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या मोकळ्या शिवारात मोटारीपाशी उभा असलेला तो स्वच्छ माणूस चार ओळी मोठ्यानं वाचू शकला नाही. त्यानं वाचलं असतं तर मी त्याला थोडं तरी माफ केलं असतं.

शेवटी हवालदारानं ठेकेदाराला सांगितलं, “गाड्या खाली करा. झगडा वाढवू नका. लाकडाचं काय ते अकोल्याच्या कचेरीतून लिहून आणा.” अकोल्याहून कधीच काही आलं नाही. योजना तहकूब, ऑफिस बंद, मग लिहिणार कोण? गाड्या रिकाम्या परत गेल्या.

माझी नोकरी गेली. चोरीचा गुन्हा नोंदवू असं साहेब म्हणाले होते, पण नोंदवला नाही. नोंदवला असता तर पत्र कोर्टात वाचावं लागलं असतं.

मी धनजला जात राहिलो. मला तिथं कुणी या म्हणत नव्हतं, जा म्हणूनही सांगत नव्हतं. आड तसाच होता, चाकं पडलेली, दोर बायकांच्या हातांत. मी कारंज्याला जाऊन चाचांना शोधलं आणि सगळं सांगितलं. चाचा जिनातल्या इंजिनाजवळ बसून चहा पीत होते. ते म्हणाले, “तू खोटं बोलला हे कबूल केलं?”

“सगळ्यांपुढे.”

“चल मंग.”

जिनाच्या भंगारातले दोन जुने बेअरिंग आणि एक दातेरी चाक त्यांनी मागून घेतलं. धनजला आले, आड पाहिला. आमराईचं लाकूड चालेल का, असं बाईनं विचारलं. चाचा म्हणाले, “आंबा पान्यात सडते, माय. खांब बाभळीचे करू. आंब्याच्या फळ्या वर, बसाले.” चार दिवसांत त्यांनी आडावर एक रहाट उभा केला. एका बाईनं दांडा फिरवला की भरलेली घागर वर यायची. पंप नव्हे. पण दोर हातातून सुटला. सुनेनं पहिली घागर काढली आणि चाचांना म्हणाली, “चाचा, हे आंधीच काहून नाही केलं कोनं?”

चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, “सारे इजंची वाट पाह्यत व्हते ना बेटी.”

बाकीचं लाकूड गावानं शाळेच्या छपराला आणि दारांना वापरलं. मी पुढं त्याच भागात शिक्षक झालो. साहेब काही वर्षांनी अकोल्याच्या स्टेशनावर भेटले, मोठ्या हुद्द्यावर पोचलेले. त्यांनीच मला ओळखलं, हसून चौकशी केली. मी धनजचं नाव घेतलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाले, “तिकडे आपलं काही काम झालं होतं का?” त्यांना खरंच आठवत नव्हतं. गाडी आली आणि ते चढून गेले. त्या फलाटावर मी त्यांना काय काय बोलायला हवं होतं ते मी गेली कितीतरी वर्षं मनात बोलतोय.

आमराईवाली मावशी त्यानंतर पुष्कळ जगली, पण वीज पाहायला राहिली नाही. धनजला वीज आली ती दुसऱ्याच ठिकाणची, दुसऱ्याच खात्याची, कोळशावरची. मला आमंत्रण होतं. मी गेलो नाही. मंडप, हार, भाषणं, आणि पुन्हा कुणीतरी एक ‘ग्रामीण उत्कर्ष’ म्हणणार, हे माझ्यानं ऐकवलं नसतं.

काही महिन्यांनी मी दुसऱ्या कामानं धनजला गेलो तेव्हा सून भेटली. आता तिचेच केस पिकले होते. तिच्या घराच्या ओसरीत विजेची चक्की होती, गावातली पहिली. पांढऱ्या पिठानं तिच्या भुवया भरल्या होत्या.

“काहून नाही आले जी लाइटच्या दिवशी?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, मला अजून राग येतो.

“मलेबी येते,” ती म्हणाली. तिनं पट्टा चाकावर चढवला आणि बाहेर डबे घेऊन बसलेल्या बायकांकडे बोट दाखवलं. “पन इज आमची हाये, आमी कायले सोडाव? तुमी बसा राग घेऊन. मले दळन हाये.”

आणि तिनं बटण दाबलं. चक्कीच्या आवाजात मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी ओसरीच्या कडेला जरा वेळ बसलो आणि मग निघालो.